तळखडा बुजला आणि वाळवी आली

आखाजीला लेकींनी माहेरी यायचं, ही आमच्या खानदेशची रीत. २०१४ च्या आखाजीला मीही गेले होते. शाळेत तीस-बत्तीस वर्षं इतिहास शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते आणि आता जरा घरच्या कागदांकडे बघावं, असं मनात होतं. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या घराच्या मधल्या खोलीत भिंतीत एक कपाट आहे. त्यात आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं दप्तर होतं. लाल कापडाच्या रुमालात बांधलेले मोडी कागद, सारा भरल्याच्या पावत्या, वाटण्यांच्या याद्या आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांचा एक करार.

कपाट उघडलं तेव्हा सगळं जागच्या जागी दिसलं. रुमालाची गाठ आबांनी मारली असावी तशीच होती. गाठ धरून रुमाल उचलला, तर वरचं कापड तेवढं हातात आलं. खाली कागदाच्या आकाराची माती होती. तिच्यात पांढुरके किडे वळवळत होते. मागून वहिनीने डोकावून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवून म्हणाली, "माय, उधई लागनी व!"

आपण वाळवी म्हणतो, तीच ही उधई. शेजारच्या गुजरातीतही हाच शब्द आहे. त्या दिवसापासून मी एका प्रश्नाचा माग काढते आहे. आबांच्या काळी घर मातीचं होतं, लाकूड भरपूर होतं, औषधं नव्हती. तरी ते दप्तर टिकलं. आमच्या काळात फरशी आली, सिमेंट आलं, औषधाची फवारणी झाली, आणि दप्तर गेलं. हे कसं झालं?

आधी वाळवीबद्दल थोडं सांगते. इंग्रजांनी तिला पांढरी मुंगी म्हटलं आणि आपणही शाळेत तेच शिकलो. पण ती मुंगी नव्हेच. तिचं जवळचं नातं आहे झुरळाशी. २००७ साली शास्त्रज्ञांनी जनुकांच्या अभ्यासावरून दाखवून दिलं की, वाळवी हा झुरळांच्याच कुळाचा एक फाटा आहे. लाकूड, कागद, कापूस, कडबा या सगळ्यांत सेल्युलोज असतं. ते पचवणं बहुतेक प्राण्यांना जमत नाही. वाळवीला जमतं, कारण तिच्या पोटातले सूक्ष्मजीव तिला मदत करतात. आपल्याकडे वारूळ करणाऱ्या काही जाती तर जमिनीखाली चक्क बुरशीची शेती करतात. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी ही त्याच शेतीतून वर आलेली असते. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखांचा खच पडतो, तोही वाळवीचाच. नवं घर मांडायला निघालेल्या राजा-राण्यांचे ते पंख असतात.

या किड्याच्या दोन खोडी लक्षात ठेवल्या तर पुढचा सगळा इतिहास उलगडतो. एक, तिची कातडी नाजूक असते. ऊन आणि कोरडी हवा तिला सोसत नाही. म्हणून उघड्यावर यायचं झालं तर ती मातीची नळी बांधते आणि त्या नळीतून चालते. दोन, आपल्या घरांना त्रास देणाऱ्या बहुतेक जाती जमिनीत राहतात आणि खायला घरात येतात. त्यांना जमिनीतला ओलावा लागतो. जमिनीशी असलेली वाट तुटली की त्यांचं बिनसतं. म्हणजे कागद खाणारा किडा दिसतो कपाटात, पण त्याचं घर असतं जोत्याच्या खाली.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं का? जनुकं नक्कीच ठाऊक नव्हती, पण पाण्याचं नातं ठाऊक होतं. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत जमिनीतलं पाणी शोधण्यावर एक अख्खा अध्याय लिहिला. त्यात अमुक झाडाजवळ वारूळ असेल तर अमुक दिशेला, अमुक खोलीवर पाणी लागेल, असे आडाखे दिले आहेत. त्यातले सगळे खरे ठरतील असं नाही. पण वारूळ म्हणजे ओलावा, हे निरीक्षण पक्कं आहे. संस्कृतात वारुळाला वल्मीक म्हणतात आणि आदिकवी वाल्मीकींचं नावच त्यावरून आलं. नागपंचमीला आपण वारूळ पुजतो. शेतातल्या वारुळाला हात जोडायचे आणि घरातल्या वाळवीचा पाठलाग करायचा, असा हा जुना संसार आहे.

आता आबांच्या घराकडे येऊ. खानदेशातली जुनी घरं धाब्याची. सातपुड्यातून आणि डांगातून आलेल्या सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर बारीक लाकडाचा थर आणि सगळ्यात वर खारट पांढऱ्या मातीचं धाबं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात गेला तरी आत गारवा. पण वाळवीच्या नजरेने पाहिलं तर हे घर म्हणजे मातीत गुंडाळलेलं मोठं ताट. खाली माती, वर माती, मध्ये लाकूड. धाबं गळलं की ओलावाही आयता.

ते ताट वाचवलं तीन गोष्टींनी. पहिली गोष्ट सागाचा गाभा. सागात वाळवीला न मानवणारी नैसर्गिक द्रव्यं असतात. टेक्टोक्विनोन हे त्यांपैकी एक. ती असतात मुख्यतः लाल गाभ्यात. बाहेरच्या पांढऱ्या भागात ती फारशी नसतात, म्हणून पांढरं लाकूड वाळवी खाते आणि गाभा सोडते. जुने सुतार वखारीतून लाकूड निवडताना पांढरं तासून काढत, ते उगीच नव्हे. आज कोवळा साग घेऊन "आम्ही सागच वापरला" असं म्हणणाऱ्याची फसगत इथे होते. कोवळ्या झाडात गाभा कमी आणि पांढरं जास्त.

दुसरी गोष्ट दगड. जुन्या वाड्यात खांब कधी थेट जमिनीत रोवत नसत. खाली घडीव दगड असे. त्याला उथळा म्हणा, तळखडा म्हणा. त्याच्यावर खांब उभा. आम्ही मुलं तळखड्यावर बसून गूळ-शेंगदाणे खायचो. तो शोभेसाठी असतो, असं मला पुष्कळ वर्षं वाटायचं. खरं तर तो वाळवीच्या वाटेवरचा नाका होता. जमिनीतून लाकडात जायचं तर तिला दगडावरून उघड्यावर यावं लागे, म्हणजे मातीची नळी बांधावी लागे. आणि ती नळी घरच्यांना दिसे. हे तत्त्व किती दूरवर जातं ते पाहायचं असेल तर लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या लेण्यात जा. तिथल्या चैत्यगृहाच्या छताला सागाच्या कमानी आहेत. त्या सुमारे २००० वर्षांच्या आहेत आणि अजून जागेवर आहेत. त्यांच्या चारी बाजूंनी कातळ आहे, जमिनीच्या मातीशी संबंध नाही. लाकूड दोन हजार वर्षं टिकू शकतं, फक्त त्याला कोरडं आणि मातीपासून दूर ठेवलं पाहिजे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती होती आबांची सवय. आखाजीच्या आदल्या आठवड्यात ते घरभर फिरत. हातात विळ्याची मूठ असे. प्रत्येक खांबावर, चौकटीवर, कडीवर ते टकटक करत. भरीव आवाज आला की पुढे. पोकळ आला की तिथे खूण. मग पोकळ जागा तासायची, चुना भरायचा, लाकडाच्या टोकांना बिब्ब्याचं तेल नाहीतर डांबर लावायचं. त्याच दिवशी दप्तराचे रुमाल अंगणात बाजेवर सुटत. कागद उन्हात पसरले जात. वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर खडे ठेवायचं काम आम्हा नातवंडांकडे असे. निंबाला झोका बांधलेला, मैत्रिणी गाणी म्हणताहेत आणि मी खडे राखत बसलेली. मला तेव्हा त्याचा फार राग यायचा.

त्याच बाजेवर मी विहिरीचा करार पहिल्यांदा पाहिला. त्याच्या शेवटी साक्षीदारांच्या निशाण्या होत्या. लिहिता न येणारा कुणबी नांगराची निशाणी करी आणि बाई बांगडीची. एका छोट्या वर्तुळावर बोट ठेवून आबा म्हणाले, "ही माझी माय." माझ्या पणजीचा फोटो नाही. जन्म-मृत्यूची नोंद नाही. ती होऊन गेली याचा लेखी पुरावा म्हणजे ती एक बांगडी होती.

घरोघरचे असे कागद किती मोलाचे आहेत, हे महाराष्ट्राला ज्यांनी शिकवलं त्या इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांचा शेवट आमच्या धुळ्यात झाला. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला आणि पुढे एकूण बावीस खंड प्रसिद्ध केले. त्यासाठी ते गावोगाव फिरले. देशमुख, देशपांडे, जोशी, कुलकर्णी यांच्या माळ्यांवर, तळघरांत, कोनाड्यांत दप्तरं पडून असत. कुठे पावसाचं पाणी, कुठे उंदीर, कुठे वाळवी. कुठे घरमालकालाच आपल्याकडे काय आहे याचा पत्ता नाही. राजवाडे म्हणजे एका अर्थाने वाळवीशी शर्यत लावलेला माणूस. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचं निधन झालं. त्यांनी जमवलेले कागद पुन्हा विखरू नयेत म्हणून भास्कर वामन भट आणि इतर धुळेकरांनी १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. एका माणसाच्या ट्रंकांतले कागद त्यामुळे एका संस्थेच्या कपाटांत आले.

धुळ्यात हे काम त्याही आधीपासून चाललं होतं. शंकर श्रीकृष्ण देव, म्हणजे नानासाहेब देव यांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली आणि मठामठांतून रामदासी बाडं गोळा केली. ती आज समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. त्यांत समर्थ रामदासांच्या हस्ताक्षरातलं मानलं जाणारं वाल्मीकी रामायण आहे. ज्या कवीचं नाव वारुळावरून पडलं, त्याच्या ग्रंथाला वारूळ करणाऱ्यांपासूनच जपावं लागतं.

जुन्या लेखनिकांना या शत्रूची पूर्ण कल्पना होती. पोथीच्या शेवटी पोथीच वाचकाला विनवते की मला तेलापासून वाचव, पाण्यापासून वाचव, सैल बांधू नकोस. वाचवण्याच्या युक्त्याही होत्या. पोथी दोन फळ्यांत आवळून बांधायची, म्हणजे किड्याला शिरायला फट राहत नाही. बासनात वेखंड ठेवायचं, कडुलिंबाचा पाला ठेवायचा. आणि कागदाला हरताळ लावायचा. हा पिवळा खनिज रंग म्हणजे आर्सेनिकचं, सोमलाच्या जातीचं विष. चुकलेलं अक्षर झाकायलाही तोच वापरत. त्यावरूनच आपण एखाद्या गोष्टीला हरताळ फासला म्हणतो. पोथीची पानं पिवळी दिसतात ती नेहमी वयामुळे नसतात.

या सगळ्याची किंमत उष्ण देशांनाच मोजावी लागते, हे परदेशी प्रवाशांच्याही लक्षात आलं होतं. जर्मन संशोधक हुम्बोल्ट दक्षिण अमेरिकेत फिरला तेव्हा त्याने नोंदवलं की, वाळवीमुळे तिथे पन्नास-साठ वर्षांहून जुने कागद क्वचितच सापडतात. आपल्याकडे तीनशे-चारशे वर्षांचे कागद हजारोंनी सापडतात. ते आपोआप टिकले नाहीत. दर वर्षी कुणीतरी ते उन्हात घातले म्हणून टिकले.

मग नवा काळ आला. १८६० च्या दशकात खानदेशातून रेल्वे धावू लागली आणि वाळवीचा प्रश्न घरातून सरकारात गेला. रुळांखालचे लाकडी स्लीपर म्हणजे तर जमिनीवर आडवं टाकलेलंच लाकूड. साधं लाकूड काही वर्षांत संपे. म्हणून डांबरी तेल पाजलेलं लाकूड विलायतेहून आलं, बिडाचे स्लीपर आले. या प्रश्नावर एक मोठं उत्तर भारतातच निघालं, हे फार थोड्यांना माहीत असतं. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी १९३३ साली तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचं मिश्रण शोधलं. दाबाखाली ते लाकडात भरलं की लाकूड कुजत नाही आणि वाळवीही लागत नाही. आर्सेनिक आणि तांबं यांच्या रासायनिक खुणांवरून त्याचं नाव पडलं 'आस्क्यू'. पुढे या जातीचं मिश्रण जगभर वापरलं गेलं. आपल्या पोथीवरचा हरताळच जणू नव्या रूपात लाकडाच्या पोटात गेला. पुढे त्यातल्या आर्सेनिकचीच भीती वाटू लागली आणि २००३ च्या अखेरीस अमेरिकेत राहत्या घरांच्या लाकडासाठी त्याचा वापर थांबला.

घरात मात्र पावडरीचा आणि फवाऱ्याचा काळ आला. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं, मग बीएचसी. आमच्याकडे सगळे त्याला गॅमेक्सिन म्हणत. कपाशीवर तेच, ढेकणांवर तेच, वाळवीवर तेच. वडील कोपऱ्याकोपऱ्यांत ती पावडर हाताने टाकत आणि त्याच हाताने तंबाखू मळत. कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं. मग जमिनीत ओतायला ऑल्ड्रिन, हेप्टाक्लोर, क्लोर्डेन अशी औषधं आली. १९७१ साली भारतीय मानक संस्थेने इमारतींना वाळवीपासून वाचवण्याची नियमावली काढली. घर बांधताना पायाच्या खड्ड्यात आणि जोत्याच्या भरावात औषधाचं पाणी मुरवायचं. बांधलेल्या घरात भिंत आणि फरशी मिळते तिथे फुटाफुटावर भोकं पाडून आत औषध सोडायचं. कल्पना साधी होती. जमिनीत विषाची एक भिंत उभी करायची, म्हणजे वाळवी ती ओलांडणार नाही.

आणि ती भिंत खरोखर टिकली. ऑल्ड्रिन मातीत पडलं की त्याचं डिल्ड्रिन होतं आणि ते वर्षानुवर्षं जात नाही. हाच त्याचा गुण आणि हाच दोष. जे मातीतून जात नाही ते पाण्यातून, चाऱ्यातून, दुधातून आपल्या शरीरात येतं आणि चरबीत साठून राहतं. अमेरिकेत रेचल कार्सनबाईंनी १९६२ साली 'सायलेंट स्प्रिंग' लिहून याची जाणीव जगाला करून दिली. आपल्याकडे ऑल्ड्रिन, क्लोर्डेन आणि हेप्टाक्लोर यांवर १९९६ साली बंदी आली, बीएचसीवर १९९७ साली. २००१ च्या स्टॉकहोम कराराने जगानेच या जातीची औषधं बाद करायचं ठरवलं आणि २००६ साली भारताने त्या कराराला मान्यता दिली. त्यानंतर घराघरांत आलं क्लोरपायरिफॉस. त्याचंही नाव २०२५ साली काही सवलतींसह त्याच कराराच्या यादीत गेलं. आता इमिडाक्लोप्रिड, बायफेन्थ्रिन अशी औषधं आहेत, आणि वाळवीने स्वतःच वारुळात नेऊन इतरांना भरवायचं असं आमिषही निघालं आहे. ते खाल्लं की वाळवीला कात टाकता येत नाही.

औषधांना मी नावं ठेवत नाही. भिंतीत वाळवी शिरल्यावर नुसत्या कडुलिंबाच्या पाल्याने ती जात नाही, हे मी अनुभवाने सांगते. पण या औषधांनी आपल्याला एक गोष्ट विसरायला लावली. ती कोणती, हे आमच्या घरावरून सांगते.

१९८८ साली आमच्या घरात शहाबादी फरशी आली. शेणाने सारवायचा त्रास वाचला म्हणून माय खूश, आम्ही सगळेच खूश. फरशीखाली मुरमाचा भराव घालून जमीन अर्धा फूट उंच केली. तळखडे त्यात बुजले. खांबाचा लाकडी पाय आता थेट भरावात आला आणि वाळवीच्या वाटेवरचा नाका उठला. काही वर्षांनी मधल्या खोलीच्या मागे न्हाणीघर झालं. त्याच्या नळातून पाणी झिरपायचं, भिंत ओली राहायची. भिंतीतल्या जुन्या कपाटाला मागून प्लायवूड ठोकलं, कारण पोपडे पडत होते. बाहेरच्या अंगाने चुलीसाठी पऱ्हाटीचा ढीग भिंतीला टेकवून रचलेला असायचा. कपाशीची ती वाळली झाडं म्हणजे वाळवीची न्याहारी. प्रत्येक गोष्ट सोयीची होती. चारही मिळून जमिनीपासून कपाटापर्यंत एक झाकलेला रस्ता तयार झाला.

आबा १९९१ साली गेले. त्यानंतर विळ्याची मूठ घेऊन फिरणारं कुणी राहिलं नाही. २००५ च्या सुमारास चौकटीला वाळवी दिसली तेव्हा भावाने एका माणसाला बोलावलं. त्याने भोकं पाडली, औषध भरलं आणि दहा वर्षं बघायला नको म्हणून सांगितलं. आम्हाला तेच ऐकायचं होतं. आम्ही खरंच नऊ वर्षं बघितलं नाही. न्हाणीच्या बाजूने तेव्हा भोकं पाडलीच नव्हती, हे दप्तर गेल्यावर कळलं.

दोष त्या माणसावर ढकलून मोकळं होता येईल. पण या काळात मी कुठे होते? मी धुळ्याला इतिहास शिकवत होते. मुलांना राजवाडे मंडळात नेऊन जुने कागद दाखवत होते. घरोघरचे कागद जपा, असं गावोगावच्या शाळांत सांगत होते. माहेरच्या कपाटातला कागद उतरवून घ्यायला मला एक दुपार पुरली असती. ती दुपार मी काढली नाही.

विहिरीच्या पाळ्यांवरून पुढे आमचं आणि चुलत घराचं वाजलं. आठवड्यातले किती दिवस कुणाचे, हे प्रत्येकाला वेगळं आठवत होतं आणि दाखवायला काही नव्हतं. आता बोअरवेल झाल्या, त्या विहिरीला पाणीही फारसं राहत नाही. बोलणं मात्र बंद झालं ते झालंच. आणि पणजीची बांगडी गेली. ती आता फक्त माझ्या डोळ्यांपुढे आहे.

म्हणून जाता जाता काही साध्या गोष्टी सांगते. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईला एकदा घरभर फिरा. चौकटी, खांब, कपाटांच्या मागच्या बाजू ठोकून बघा. भिंतीवर मातीची नळी दिसली तर नुसती पुसून टाकू नका. ती कुठून निघाली आणि कुठे चालली, याचा माग काढा. नळी पुसली की वाळवी मरत नाही, दुसरीकडून येते. आधी गळती थांबवा. लाकूडफाटा, पऱ्हाटी, पुठ्ठ्याची खोकी भिंतीपासून दूर ठेवा. कपाट भिंतीला चिकटवू नका, मागे हात जाईल एवढी जागा ठेवा. कपाट लोखंडी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, लोखंडावरूनही ती नळी बांधत जाते. नवं घर बांधत असाल तर पायाच्या वेळी उपचार करून घ्या, नंतर तो महागही पडतो आणि अपुराही. औषध मारायला येणाऱ्याकडे परवाना आहे का ते विचारा. औषध कोणतं, किती प्रमाणात, हे लिहून घ्या. घराजवळ विहीर किंवा बोअर असेल तर ते त्याला आधी सांगा. कागदांवर मात्र स्वतःच्या हाताने काहीही फवारू नका.

आणि कागद असतील तर या रविवारीच बाहेर काढा. कडक उन्हात फार वेळ ठेवू नका, शाई उडते. सावलीत वारा द्या, मऊ ब्रशने धूळ झाडा. मग प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो दोन-तीन नातलगांकडे पाठवून ठेवा. केंद्र सरकारने २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केलं आणि त्यातून हस्तलिखितांच्या नोंदीचं काम देशभर झालं. पण सरकारी माणूस तुमच्या कपाटापर्यंत येईल, याची वाट पाहू नका. मोडी वाचता येत नसेल तर धुळ्याचं राजवाडे मंडळ आहे, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, मोडीचे वर्गही चालतात. कागद सांभाळणं जमणार नसेल तर अशा संस्थेकडे सोपवा. त्यात कमीपणा नाही.

गेल्या आखाजीला आम्ही भावाच्या घरातली मधल्या खोलीची फरशी काढली. दोन दिवस मुरूम उपसल्यावर चारही तळखडे वर आले. जसेच्या तसे होते. खांबांचे पाय कापून भावाने नवा गाभ्याचा साग जोडून घेतला आणि तळखडे पुन्हा उघडे ठेवले. खोलीची जमीन आता बाकीच्या घरापेक्षा अर्धा फूट खाली आहे. येणारा-जाणारा ठेचकाळतो आणि वहिनी कुरकुरते. पण त्या दिवशी भावाची नात तळखड्यावर बसून शेंगदाणे खात होती. तिच्या हातात मी विळ्याची मूठ दिली आणि म्हटलं, "चल, खांब वाजवून बघू."

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)